विषयपत्रिकेवर पहिला विषय कोणता? सॅन फ्रान्सिस्कोच्या शिक्षण मंडळाचे प्रकरण

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी शहराच्या शिक्षण मंडळातल्या तीन सदस्यांना मुदत संपण्याआधीच घरी पाठवले. ॲलिसन कॉलिन्स यांच्या विरोधात सुमारे ७६ टक्के मते पडली, मंडळाच्या अध्यक्ष गॅब्रिएला लोपेझ यांच्या विरोधात ७२ टक्क्यांच्या आसपास आणि फाउगा मोलिगा यांच्या विरोधात ६९ टक्क्यांच्या आसपास. हे शहर म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. आपल्या भाषेत सांगायचे तर रिपब्लिकन उमेदवाराचे तिथे डिपॉझिट जप्त होते. त्यामुळे ‘उजव्यांनी डाव्यांना पाडले’ एवढ्यावर हे प्रकरण मिटत नाही. पाडणारे आणि पडलेले, दोघेही बहुतांशी एकाच पक्षाला मते देणारे होते.

मग बिनसले कशावरून? उत्तरे बरीच दिली गेली: बंद शाळा, शाळांची नावे, लॉवेल हायस्कूलचे प्रवेश, एका सदस्याची जुनी ट्वीट. सगळी खरीच आहेत. पण या सगळ्यांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे सभेची विषयपत्रिका. कोणता विषय कधी आला, त्यावर किती वेळ गेला आणि तो येणार हे लोकांना आधी कळले होते का.

आधी हे मंडळ काय असते ते पाहू. अमेरिकेत सरकारी शाळा चालवतो तो स्थानिक शाळा जिल्हा, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे मंडळ लोक थेट निवडून देतात. सॅन फ्रान्सिस्कोत सात सदस्य, मुदत चार वर्षांची, मतदान साऱ्या शहराचे, मानधन महिन्याला ५०० डॉलर. विद्यार्थी सुमारे पन्नास हजार आणि अंदाजपत्रक शंभर कोटी डॉलरच्या वर. मंडळाच्या हातात तीन मोठी कामे: मुख्य प्रशासक म्हणजे सुपरिंटेंडंट नेमणे, अंदाजपत्रक मंजूर करणे आणि धोरण ठरवणे. वर्गात काय चालते ते मंडळ चालवत नाही, पण कशासाठी पैसा आहे आणि कशासाठी नाही हे तेच ठरवते. आपल्याकडे असे थेट निवडलेले मंडळ नाही. महापालिकांची शिक्षण मंडळे होती, त्यांवरही पक्षांच्याच माणसांची वर्णी लागायची, आणि पुढे तीही बरखास्त झाली. शिक्षणहक्क कायद्याने आलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पण ती एका शाळेपुरती, आणि तिच्या निवडीसाठी कोणी पत्रके वाटल्याचे ऐकिवात नाही.

या मंडळाची सवय २०१९ सालीच दिसली होती. जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलच्या भिंतींवर व्हिक्टर अर्नाटॉफ या चित्रकाराने १९३६ साली वॉशिंग्टनच्या आयुष्यावरची १३ भित्तिचित्रे काढली आहेत. त्यांत गुलाम आहेत, मरून पडलेला मूळनिवासी माणूस आहे. अर्नाटॉफ स्वतः कम्युनिस्ट विचारांचा. राष्ट्रपित्याच्या गोष्टीतला रक्ताचा भाग त्याने मुद्दाम दाखवला होता. मंडळाने ही चित्रे रंग मारून पुसायचे ठरवले. खर्च सहा लाख डॉलरपर्यंत. आरडाओरडा झाल्यावर ‘पुसू नका, झाका’ असा ४ विरुद्ध ३ मतांनी सुधारित निर्णय झाला. पुढे कोर्टाने तो रद्द ठरवला आणि २०२२ मध्ये नव्या मंडळाने विषय गुंडाळला. शाळांत वाचता न येणारी मुले किती, यावर तेवढी गरम सभा त्या वर्षात झाल्याचे कोणाला आठवत नाही.

मग कोविड आला. १६ मार्च २०२० पासून शाळा बंद झाल्या. शरद ऋतूत शहरातल्या खासगी शाळा एकेक करून उघडू लागल्या. या शहरात जवळपास तीस टक्के मुले खासगी शाळेत जातात, हे प्रमाण अमेरिकेतल्या इतर शहरांपेक्षा बरेच जास्त. त्यामुळे एकाच गल्लीत एक मूल दप्तर घेऊन शाळेत निघालेले आणि शेजारचे मूल स्क्रीनपुढे बसलेले, हे चित्र रोजचे झाले. सरकारी शाळा उघडण्याचा आराखडा करायला सल्लागार नेमावा असा प्रस्ताव प्रशासनाने आणला होता; त्या सल्लागाराने चार्टर शाळांसाठी (सरकारी पैशावर पण खासगी संस्थांनी चालवलेल्या शाळांसाठी) काम केले आहे म्हणून मंडळाने तो फेटाळला. इथे न्यायाने बोलायला हवे: शाळा बंद ठेवणे हा एकट्या मंडळाचा निर्णय नव्हता. आरोग्य खात्याचे नियम होते, शिक्षक संघटनेशी वाटाघाटी होत्या, जुन्या इमारतींत हवा खेळत नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर शहराच्या वकिलाने आपल्याच शहराच्या शाळा जिल्ह्यावर, शाळा उघडा म्हणून, दावा ठोकला. महापौर लंडन ब्रीड यांचा त्याला पाठिंबा होता. शेवटी १२ एप्रिलला सर्वांत लहान मुले वर्गात परतली. बहुतेक मोठ्या मुलांना ऑगस्ट उजाडला.

याच काळात, २६ जानेवारी २०२१ रोजी, मंडळाने ६ विरुद्ध १ मतांनी ४४ शाळांची नावे बदलायचे ठरवले. वॉशिंग्टन, जेफर्सन, लिंकन ही नावे त्यांत होती. १८६२ साली डकोटा जमातीच्या ३८ पुरुषांना फाशी झाली ती लिंकनच्या सहीने, हा त्याच्यावरचा एक आक्षेप. तेव्हा हयात असलेल्या आणि याच शहराच्या महापौर राहिलेल्या सेनेटर डायॅन फाइनस्टाइन यांच्या नावाची शाळाही यादीत होती. का, तर १९८४ साली सिटी हॉलसमोरच्या झेंड्यांच्या रांगेतला फाडलेला कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा झेंडा, त्यांच्या कारकिर्दीत पुन्हा लावला गेला होता.

या यादीतला एक किस्सा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. पॉल रिव्हिअर म्हणजे १७७५ साली रात्री घोडा दामटत ‘इंग्रज येताहेत’ म्हणून लोकांना जागे करणारा स्वातंत्र्ययुद्धातला माणूस. त्याचे नाव का काढायचे? नावे तपासणाऱ्या समितीने १७७९ च्या पेनॉब्स्कॉट मोहिमेचा संदर्भ काढला आणि ही पेनॉब्स्कॉट जमातीची जमीन बळकावण्याची मोहीम होती असा अर्थ लावला. प्रत्यक्षात ती मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या इंग्रजी किल्ल्यावरची मोहीम होती, आणि तीही सपशेल फसलेली. समितीत इतिहासकार नव्हता. विकिपीडिया आणि इंटरनेटवरच्या लेखांवर भागवले गेले. नावांवर विचार व्हायला हवा की नको, हा वेगळा वाद आहे. आपल्याकडे तो विद्यापीठांपासून शहरांपर्यंत सगळीकडे झाला आहे आणि त्यामागची वेदना खोटी नसते. पण मुलांना इतिहास शिकवणाऱ्या संस्थेने इतिहासाच्या पेपरात असा भोपळा मिळवावा, याला काय म्हणायचे? कोर्टकचेरी सुरू झाल्यावर ६ एप्रिलला मंडळाने हा ठराव एकमताने मागे घेतला. एकही पाटी बदलली नव्हती.

नावांच्या ठरावानंतर दोन आठवड्यांनी, ९ फेब्रुवारी २०२१ ला, आणखी एक सभा झाली. पालकांच्या सल्लागार समितीत एका वडिलांना घ्यायचे होते. बिनपगारी काम. समितीत तेव्हा एकही पुरुष नव्हता. हे गृहस्थ समलिंगी, पण गोरे. त्यांच्या येण्याने समितीच्या विविधतेत भर पडते का, यावर सुमारे दोन तास चर्चा झाली आणि शेवटी त्यांना घेतले नाहीच. सभा ऑनलाइन होती. मुले झोपवून, लॅपटॉप उघडून, ‘शाळा कधी उघडणार’ हे ऐकायला बसलेले पालक हे दोन तास पाहत होते. सदस्यांना मतदानाने परत बोलावण्याच्या मोहिमेला कार्यकर्ते मिळाले ते याच काळात.

त्याच सभेत लॉवेलचा विषय होता. लॉवेल हायस्कूल १८५६ सालचे, मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडचे सर्वांत जुने सरकारी हायस्कूल. गुणांवर आणि परीक्षेवर प्रवेश. निम्म्याहून जास्त मुले आशियाई वंशाची, कृष्णवर्णीय मुले दोन टक्क्यांच्याही आत. कोविडमुळे गुणपत्रिकाच नव्हत्या, म्हणून एक वर्षापुरती सोडत काढायचे आधीच ठरले होते. ९ फेब्रुवारीला मंडळाने ती सोडत ५ विरुद्ध २ मतांनी कायमची केली. लॉवेलमध्ये वंशद्वेषाचे प्रकार घडले होते आणि कृष्णवर्णीय मुलांची तक्रार खरी होती. सोडत बरी की गुणवत्ता यादी, यावर शहाणी माणसे दोन्ही बाजूंना असतात. आपल्या नवोदय आणि सैनिकी शाळांच्या प्रवेशपरीक्षेवरही हाच वाद घालता येईल. पण मंडळाने हा विषय पत्रिकेवर मांडला तो लॉवेलमधल्या वंशद्वेषाला उत्तर म्हणून. प्रवेशाची पद्धत कायमची बदलते आहे हे शीर्षकावरून सामान्य पालकाला कळावे अशी सोय नव्हती. कॅलिफोर्नियाच्या १९५३ च्या ब्राउन कायद्याप्रमाणे नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि तीत विषय स्पष्ट असावा लागतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायाधीश ईथन शुल्मन यांनी ठराव रद्द केला. सोडतीच्या योग्यायोग्यतेत ते शिरलेच नाहीत. लोकांना नीट सांगितले नव्हते, एवढेच कारण पुरले.

आपल्या पालिकांत हाच खेळ ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या नावाने चालतो. तो शेवटचा कागद ज्याने वाचला आहे त्याला शुल्मन यांचा निकाल समजावून सांगायची गरज नाही.

कॉलिन्स यांची ट्वीट २०१६ सालची, आशियाई लोकांविषयीची. ती मार्च २०२१ मध्ये बाहेर आली. मंडळाने त्यांचे उपाध्यक्षपद काढून घेतले, आणि त्यांनी आपल्याच सहकाऱ्यांवर व जिल्ह्यावर ८ कोटी ७० लाख डॉलरचा दावा लावला. तो ऑगस्टमध्ये फेटाळला गेला. पैशांची आधीच चणचण असलेल्या जिल्ह्याला हा नसता ताप झाला, एवढे सांगून पुढे जाऊ.

मोहीम सुरू केली शिवा राज या भारतीय वंशाच्या पालकाने आणि त्यांच्या जोडीदाराने. नोंदलेल्या मतदारांपैकी दहा टक्क्यांच्या, म्हणजे ५१ हजारांहून जास्त सह्या प्रत्येक सदस्यामागे हव्या होत्या. त्याहून कितीतरी अधिक जमल्या. सातांपैकी तिघेच का? बाकीचे चौघे नोव्हेंबर २०२० मध्ये निवडून आले होते आणि नव्या सदस्याला काही महिने हात लावता येत नाही, असा शहराचा नियम आहे. नावे बदलण्याच्या ठरावाला सातांपैकी सहांनी हात वर केला होता, पण घरी गेले ते तिघे. मोहिमेच्या बाजूने वीस लाख डॉलरच्या आसपास पैसा आला आणि विरोधकांकडे त्याचा अंशही नव्हता. ‘ही धनाढ्यांची मोहीम’ हा लोपेझ आणि कॉलिन्स यांचा आरोप म्हणून हवेतला नव्हता. पण पैशाने सह्या गोळा होतात. चारांतली तीन मते मिळत नाहीत.

ती मते कुठून आली हे पाहायचे तर भाजीबाजारात मांडलेल्या टेबलांकडे पाहावे. चिनी वंशाच्या आईवडिलांनी आणि आजीआजोबांनी आपल्या भाषेत पत्रके छापली, वीचॅट या चिनी ॲपवर निरोप फिरवले, पहिल्यांदाच मतदार नोंदणी केली आणि करवून घेतली. यात अमेरिकेचे नागरिक नसलेले पालकही होते. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ साली ‘प्रपोझिशन एन’ हा मतदारांपुढचा प्रस्ताव मंजूर करून, शहरात राहणाऱ्या आणि एकोणीस वर्षांखालचे मूल असलेल्या नागरिक नसलेल्या पालकाला शिक्षण मंडळापुरता मताधिकार दिला आहे. एच-१बी व्हिसावर असलेल्या, ग्रीन कार्डाच्या रांगेत म्हातारे होत चाललेल्या मराठी आईबापांनाही तो लागू आहे. अर्थात घर शहराच्या हद्दीत हवे, आणि आपली माणसे राहतात ती फ्रीमाँट, सनीवेल, सॅन होजेच्या बाजूला. शिवाय नोंदणीच्या अर्जावरच इशारा असतो की ही माहिती इमिग्रेशन खात्याच्या हाती जाऊ शकते. तो वाचून कोण पुढे येणार? म्हणून या हक्काखाली मते पडली ती शेकड्यांत. जुलै २०२२ मध्ये एका न्यायाधीशाने हा हक्कच घटनाबाह्य ठरवला, ऑगस्ट २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने तो पुन्हा वैध ठरवला.

महापौर ब्रीड यांनी रिकाम्या जागांवर तीन माता नेमल्या: ॲन शू, लेनी मोटामेडी आणि लिसा वाइसमन-वॉर्ड. जून २०२२ मध्ये लॉवेलची गुणवत्ता यादी ४ विरुद्ध ३ मतांनी परत आली. नोव्हेंबरमध्ये या तिघींना लोकांपुढे जावे लागले. तीन जागांना सहा उमेदवार, त्यांत पुन्हा नशीब अजमावणाऱ्या लोपेझही होत्या. आणि या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत बोलका भाग इथे येतो, कारण आता उमेदवारांना विचारले जाणारे प्रश्न बदलले होते.

भिंतीवरच्या चित्रांविषयी कोणी विचारेना. विचारले जात होते पगाराविषयी. जानेवारी २०२२ मध्ये जिल्ह्याने ‘एम्पॉवर एसएफ’ नावाची नवी पगारप्रणाली आणली आणि शिक्षकांचे पगार चुकू लागले. कुणाला कमी, कुणाला काहीच नाही, कुणाच्या विम्याचे हप्ते गेलेच नाहीत. मार्चमध्ये शिक्षकांनी जिल्हा कार्यालयात रात्रभर ठिय्या दिला. दुसरीकडे १२ कोटी ५० लाख डॉलरची तूट, आणि ती भरून काढा नाहीतर आम्ही ताबा घेऊ असा राज्याचा तगादा. कॅलिफोर्नियात अनुदान मिळते ते रोजच्या सरासरी हजेरीवर. शाळा बंद असताना कंटाळून गेलेले प्रत्येक मूल आपल्याबरोबर अनुदानही घेऊन गेले होते. पगाराची प्रणाली आणि तूट या विषयांवर घोषणा करता येत नाही. त्यावर बोलायला कागद वाचावे लागतात.

शू या मोहिमेतल्या पुढच्या फळीतल्या, चिनी मतदारांना बाहेर काढण्यात मोठा वाटा असलेल्या. एका पालक संघटनेने उमेदवारांना लेखी प्रश्न पाठवले होते. मागे पडलेल्या मुलांची प्रगती कशी साधणार, या आशयाच्या प्रश्नाला शू यांनी लिहिले की कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांच्या बाबतीत कुटुंबाचा पाठिंबा नसणे ही एक मोठी अडचण आहे. गदारोळ झाला. त्यांनी माफी मागितली, मंडळाने ठराव करून समज दिली, आणि नोव्हेंबरमध्ये त्या चौथ्या आल्या. मोटामेडी आणि वाइसमन-वॉर्ड निवडून आल्या. तिसरी जागा विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी वर्षानुवर्षे भांडलेल्या अलिडा फिशर यांनी घेतली. लोपेझही पडल्या. म्हणजे मतदारांनी नऊ महिन्यांत दोन्ही गोटांना एकेक चपराक दिली. ‘घरी लक्ष देत नाहीत हो’ हे वाक्य आपल्या शिक्षक खोल्यांत ऊसतोड मजुरांच्या आणि वस्तीवरच्या मुलांबद्दल इतक्या सहज म्हटले जाते की त्यावरून कोणाची निवडणूक जाऊ शकते, हे वाचून काहीजण चमकतील. चमकावेच.

निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२२ मध्ये, मंडळाने आकड्यांत उद्दिष्टे ठरवली. तिसरीतली ५२ टक्के मुले इयत्तेनुसार वाचतात, ते प्रमाण २०२७ पर्यंत ७० टक्के. आठवीच्या गणितात ४२ वरून ६५. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: सभेचा निम्मा वेळ मुलांच्या प्रगतीवरच घालवायचा, आणि कोणत्या विषयावर किती मिनिटे गेली याची नोंद ठेवायची, अशी पद्धत मंडळाने स्वीकारली. दोन तासांच्या त्या सभेनंतर हे नैसर्गिकच होते. यातही धोका आहे. आकड्यांच्या मागे लागलेले मंडळ अप्रिय प्रश्न ‘हा आमचा विषय नाही’ म्हणून टाळू शकते, आणि लॉवेलमधल्या मुलांची तक्रार ऐकायला मग मिनिटेच उरत नाहीत.

गणिताचेही एक उदाहरण आहे. २०१४ साली, सर्वांना एकाच पातळीवर ठेवायचे म्हणून, आठवीतले बीजगणित काढून नववीला नेले होते. ज्यांना परवडले त्यांनी बाहेर पैसे भरून मुलांना शिकवले, म्हणजे दरी मिटवायला केलेल्या उपायाने ती खासगी क्लासपर्यंत नेऊन पोहोचवली. हे आपल्याला नव्याने सांगायला नको. दहा वर्षे कुरकुर चालली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंडळाने आठवीत बीजगणित परत आणायचे ठरवले, आणि मार्चमध्ये शहराने सल्लावजा मतदानात ऐंशी टक्क्यांहून जास्त मतांनी त्याला होकार दिला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये चार जागांसाठी अकरा उमेदवार उभे होते. मतदानाच्या महिनाभर आधी, पटसंख्या घटली म्हणून बंद किंवा विलीन करायच्या शाळांची यादी बाहेर आली, आणि सगळी निवडणूक तिच्याभोवती फिरू लागली. पालक रस्त्यावर आले. ब्रीड स्वतः निवडणुकीला उभ्या होत्या. त्यांनी प्रक्रिया थांबवायला लावली. सुपरिंटेंडंट मॅट वेन यांनी राजीनामा दिला आणि मारिया सू आल्या. जेमी ह्यूलिंग, पराग गुप्ता आणि सुप्रिया रे हे तीन नवे सदस्य निवडून आले, आणि मॅट अलेक्झांडर आपली जागा राखून राहिले. शाळा जास्त आणि मुले कमी, हे कागदावर मान्य करणे सोपे असते. यांतली कोणती शाळा, हे मतदानाआधी सांगणे कोणालाच परवडत नाही. आपल्याकडे कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळांचा विषय निघाला की आमदारसुद्धा असेच गुळमुळीत बोलतात. सू यांनी २०२५-२६ साठी शाळा बंद करण्याचा विचार बाजूला ठेवला. ११ कोटी डॉलरहून जास्त तूट तेवढी तशीच राहिली, आणि नव्या मंडळापुढे सुरुवातीलाच आले ते नोकरकपातीचे आणि लवकर निवृत्तीचे प्रस्ताव.